लेपाची वंशावळ

दिवाळी म्हटली की फराळ, आकाशकंदील आणि रांगोळी डोळ्यांपुढे येतात. पण या सणाचा पहिला मान तेलाचा आहे, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही. नरकचतुर्दशीला सूर्योदयापूर्वी अंगाला तेल चोळल्याशिवाय दिवाळी सुरूच होत नाही. मुले ते तेल चुकवू पाहतात, तरुण मंडळी कसेबसे उरकून घेतात. घरातल्या वडीलधाऱ्यांचा हात मात्र खांद्यावरून, पाठीवरून फिरत फिरत गुडघ्यापाशी आला की तेथे जरा अधिकच रेंगाळतो. सणाचे तेल तेथे औषध होते. त्या रेंगाळणाऱ्या हाताचा इतिहास सांगावा, असे माझ्या मनात फार दिवसांपासून होते.

राजांच्या बखरी आहेत, किल्ल्यांच्या आहेत, घराण्यांच्या कैफियती आहेत. गुडघेदुखीची बखर मात्र कोणी लिहिली नाही. वास्तविक या दुखण्याने जितकी माणसे जेरीस आणली तितकी फार थोड्या लढायांनी आणली असतील. जात्यावर, उखळापाशी, शेतात खुरप्यासाठी उकिडव्या बसलेल्या बायकांनी आणि ओझी वाहणाऱ्या पुरुषांनी ते पिढ्यान्‌पिढ्या सोसले आणि त्यावर पाला बांधला, तेल चोळले, लेप घातला. तो पाला कोठून आला, ते तेल कोणी शिकवले, त्याने खरोखर काय होते आणि काय होत नाही, एवढेच मला येथे सांगावयाचे आहे.

आपले वैद्यक या दुखण्याला फार पूर्वीपासून ओळखते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींचा अध्याय आहे. त्यात संधिगत वाताचे वर्णन करताना चरक सांगतो, की सांधा हाताला वाऱ्याने फुगलेल्या पखालीसारखा लागतो आणि पसरताना व आखडताना दुखतो. आज एखादा डॉक्टर रोग्याचा गुडघा हातात घेऊन हलवून पाहतो, तेव्हा तोही याच दोन गोष्टी तपासत असतो. सुश्रुताने सांध्यात, स्नायूत व हाडात शिरलेल्या वातावर तेलतुपाचे स्नेहन, गरम लेप बांधणे म्हणजे उपनाह, अग्निकर्म, बंधन आणि मर्दन असे उपाय सांगितले आहेत. त्यांपैकी अग्निकर्म सोडले, तर बाकीचे सारे आपल्या आजीच्या हातांनी केलेले आपण पाहिलेले असते. तिने सुश्रुत वाचला नव्हता. तिच्या आजीने तिला दाखवले होते.

येथे एका उपमेकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. तेल लावण्याचे महत्त्व सांगताना चरकाने मातीचा घडा, कातडे आणि गाडीचा आस यांचा दाखला दिला आहे. तेलाने या वस्तू जशा टिकाऊ होतात, तसे शरीर दृढ होते आणि त्वचा चांगली राहते, असे त्याचे म्हणणे. उपमा सुंदर आहे आणि मर्यादितही आहे. पण पुढे लोकांच्या बोलण्यात तिचे रूप पालटले. 'गुडघ्यातले वंगण संपले' असे आपण सहज म्हणतो, आणि वंगण संपले असेल तर वरून तेल घालावे हे ओघानेच आले. बैलगाडीच्या आसाला ते लागू पडते. गुडघा मात्र बैलगाडीचा आस नव्हे, हे माणसाला कळावयास फार काळ जावा लागला. ते कसे कळले ते सांगण्यापूर्वी लेपातल्या वनस्पतींची थोडी ओळख करून घेऊ.

महाराष्ट्रात गुडघ्यावर बांधावयाचा पाला म्हटला की तीन नावे प्रथम येतात: एरंड, रुई आणि निर्गुडी. एरंडाचे पान तेल लावून तव्यावर शेकावयाचे आणि फडक्याने बांधावयाचे. रुईचे पानही तसेच. निर्गुडीचा पाला पाण्यात उकळून त्याच्या वाफेने किंवा पोटलीने शेक द्यावयाचा. ओढ्याकाठी, शेताच्या कुंपणाला, निळसर जांभळ्या फुलांचे तुरे मिरवणारी ही निर्गुडी कोणी मुद्दाम लावीत नाही आणि कोणी तोडूनही टाकीत नाही. अशा या साध्या झुडपाने जगाच्या ज्ञानकोशात आपले नाव कसे कोरले, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे.

इ. स. १५३४ मध्ये गार्सिया द ओर्ता नावाचा एक पोर्तुगीज वैद्य गोव्यास आला. तो तेथेच स्थायिक झाला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी त्याची ये-जा होती आणि तेव्हाचे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. युरोपातल्या विद्यापीठांत शिकलेला हा माणूस गोव्याच्या बाजारात फिरे, हिंदू वैद्यांना आणि मुसलमान हकिमांना प्रश्न विचारी, झाडपाला हातात घेऊन पाही. या साऱ्याचे सार त्याने संवादरूपाने लिहिले आणि १५६३ मध्ये गोव्यातच छापून प्रसिद्ध केले. आपल्या भूमीवर छापल्या गेलेल्या आरंभीच्या पुस्तकांपैकी हे एक. त्यातले एक प्रकरण चक्क आपल्या निर्गुडीवर आहे. दुखण्यावर आणि सुजेवर इथले लोक तिचा पाला लावतात, हे त्याने नोंदवून ठेवले. 'निर्गुंडी'चे त्याच्या लेखणीत 'नेगुंदो' झाले. १५६७ मध्ये क्लूसियस या विद्वानाने या ग्रंथाचा लॅटिन सारांश अँटवर्पला प्रसिद्ध केला आणि नेगुंदो युरोपभर पोहोचली.

१७५३ मध्ये लिनियसने वनस्पतींना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा निर्गुडी 'व्हायटेक्स नेगुंडो' झाली. एवढ्यावर भागले नाही. उत्तर अमेरिकेत मेपलच्या जातीचा एक वृक्ष आहे. त्याची पाने निर्गुडीच्या पानांसारखी विभागलेली म्हणून त्यालाही 'एसर नेगुंडो' असे नाव मिळाले. म्हणजे आज अमेरिकेतल्या एखाद्या नदीकाठी उभा असलेला तो वृक्ष आपल्या ओढ्याकाठच्या झुडपाचे नाव मिरवीत आहे!

ओर्ताची स्वतःची कहाणी मात्र इतकी सुखाची नाही. तो मूळ ज्यू घराण्यातला. सक्तीने ख्रिस्ती झालेल्या कुळांवर इन्क्विझिशनची वक्र दृष्टी असे. १५६८ मध्ये तो वारला, आणि पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. हिंदू वैद्याने सांगितलेला पाला एका ज्यू वंशाच्या वैद्याने पोर्तुगीज भाषेत लिहून ठेवला आणि तो लॅटिनमधून जगभर गेला. माणसांना ज्या सीमा ओलांडता आल्या नाहीत, त्या पाल्याने सहज ओलांडल्या.

पाला जसा येथून बाहेर गेला, तसा बाहेरूनही आला. त्या पाहुण्यांत सर्वांत तिखट पाहुणी म्हणजे मिरची. ती मूळची अमेरिका खंडातली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर उतरली. आपण तिला मिरीवरून नाव दिले आणि दोनतीन पिढ्यांत ती इतकी आपली झाली, की मिरचीवाचून ठेचा ही कल्पनाच आपल्याला सहन होत नाही. चरकाला आणि सुश्रुताला मिरची ठाऊक नव्हती. तेव्हा मिरचीचा अर्क घातलेले एखादे तेल कोणी 'ऋषिमुनींच्या काळापासूनचे' म्हणून विकू लागला, तर त्याला ऋषींनी कोणत्या जहाजातून प्रवास केला, हे विचारावयास हरकत नाही.

दुसरा पाहुणा नीलगिरी. ज्या झाडाला आपण मराठीत नीलगिरी म्हणतो, ते ऑस्ट्रेलियातले आहे. इंग्रजांनी १८४३ च्या सुमारास निलगिरी पर्वतात त्याची लागवड केली आणि पर्वताचे नाव झाडाला चिकटले. गंमत अशी, की त्याच पर्वतात आधीपासून एक अस्सल स्थानिक झुडूप दुखऱ्या सांध्यांचे औषध अंगी बाळगून उभे होते. ते म्हणजे गंधपुरा. अमेरिकेत विंटरग्रीन नावाची त्याची बहीण आहे. १८४० च्या दशकात ओग्युस्त काऊर या फ्रेंच रसायनज्ञाने विंटरग्रीनच्या तेलातले मुख्य द्रव्य मिथाइल सॅलिसिलेट असल्याचे दाखवले. हे द्रव्य ॲस्पिरिनच्या घराण्यातले. मलमाच्या डबीचे झाकण उघडताच नाकात जो ओळखीचा दर्प शिरतो, तो बहुधा त्याचाच. मात्र आता ते झुडपाऐवजी कारखान्यातच अधिक तयार होते.

कारखान्याचा विषय निघालाच आहे, तर तेही सांगतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत तेल सिद्ध करण्याचे काम वैद्याच्या अंगणात, त्याच्याच कढईत चाले. १८७२ मध्ये पनवेलला कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला आणि वैद्याची कढई बाटलीत उतरू लागली. १८९३ मध्ये काशिनाथुनी नागेश्वर राव या आंध्रातल्या गृहस्थांनी मुंबईत अमृतांजन सुरू केले. त्या मलमाच्या मिळकतीवर पुढे १९०८ मध्ये त्यांनी मुंबईतूनच 'आंध्र पत्रिका' काढली. डोके आणि सांधे दुखणाऱ्या माणसांच्या पैशांतून एक तेलुगू वृत्तपत्र मुंबईत उभे राहिले, हा योगायोग मला फार गोड वाटतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या साऱ्या लेपांनी गुडघ्याच्या आत काय होते?

गुडघ्यात मांडीचे व नडगीचे हाड एकमेकांस भिडतात तेथे कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वयाने, वजनाने, जुन्या दुखापतीने किंवा आनुवंशिक कारणाने ते खराब होते, भोवतालचे अस्तर सुजते, हाडांच्या कडा वाढतात. १८९५ मध्ये राँटगेनने क्ष-किरण शोधले आणि दोन हाडांतील कमी झालेली फट प्रथमच डोळ्यांना दिसू लागली. पण एक चमत्कारिक गोष्टही लक्षात आली. कित्येकांच्या चित्रात फट फार कमी झालेली असते, पण ते खुशाल चालत असतात. उलट कित्येकांचे चित्र बरे दिसते, पण त्यांना जिना चढवत नाही. याचे एक कारण असे, की कूर्चेला स्वतःचे मज्जातंतू नसतात. ती झिजते, पण ओरडत नाही. ओरडतात ते भोवतालचे अस्तर, हाड आणि बंध. तेव्हा झीज आणि वेदना या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि लेपाचा संबंध दुसरीशी आहे.

हे ज्ञान पक्के करण्याचे श्रेय, मला वाटते, त्या तिखट पाहुणीलाच द्यावे लागेल. १८७६ मध्ये थ्रेश या इंग्रज शास्त्रज्ञाने मिरचीतले तिखट द्रव्य शुद्ध रूपात वेगळे करून त्याला कॅप्सायसिन हे नाव दिले. १९४० च्या दशकात हंगेरीतल्या मिक्लोश यांचो या औषधशास्त्रज्ञाला असे आढळले, की ते द्रव्य वारंवार लावल्यास प्रथम आग होते, पण पुढे त्या जागचे वेदनेचे तंतू बधिर होतात. मग १९९७ मध्ये अमेरिकेत डेव्हिड जूलियस यांच्या प्रयोगशाळेने मज्जातंतूवरचे ते दारच शोधून काढले, ज्यातून कॅप्सायसिनचा संदेश आत जातो. तेच दार सुमारे ४३ अंश सेल्सियसच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. म्हणजे मेंदूच्या लेखी तिखट आणि चटका एकच! मिरची खाल्ल्यावर 'तोंड भाजले' असे मराठी माणूस उगाच म्हणत नव्हता. पुदिन्याच्या अर्काने जो गारवा भासतो, त्याचेही असेच निराळे दार २००२ मध्ये सापडले. या शोधांबद्दल जूलियस यांना आर्डेम पाटापुटियन यांच्यासमवेत २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अर्थ असा, की गरम वाटणाऱ्या मलमाने गुडघा गरम होत नाही आणि गार वाटणाऱ्याने गार होत नाही. लेप बोलतो तो सांध्याशी नव्हे, तर वेदनेची वर्दी घेऊन जाणाऱ्या जासुदाशी. काही औषधे त्वचेखाली मुरतात आणि सूजही थोडी कमी करतात, हे खरे. गुडघा त्वचेच्या निकट असल्यामुळे तेथे त्यांचा उपयोग खोल दडलेल्या खुब्यापेक्षा अधिक होतो. पण झिजलेली कूर्चा वरून लावलेल्या कोणत्याही तेलाने भरून येत नाही. वंगणाची उपमा येथे संपते.

उपयोग किती होतो, याच्याही परीक्षा झाल्या आहेत. युरोपात कॉम्फ्रे नावाची एक वनस्पती हाडे सांधणारी म्हणून जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे. २००७ मध्ये जर्मनीत गुडघेदुखीच्या २२० रोग्यांवर तिच्या मुळीच्या मलमाचा प्रयोग झाला. तीन आठवड्यांत खऱ्या मलमाने वेदना निम्म्याहून अधिक उतरली. औषधविरहित नकली मलमाने सुमारे दहा टक्के उतरली. नुसत्या चोळण्यानेही थोडे बरे वाटते, हे यातून दिसलेच. मिरचीच्या बाबतीत साक्षी एकमेकींशी जुळत नाहीत. १९९१ च्या एका परीक्षेत तिने चांगला आराम दिला. तर २०१३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने संधिझिजेवरच्या वनस्पतिज लेपांच्या सात परीक्षांचा एकत्र आढावा घेतला, त्यात मिरचीच्या अर्काचा लेप नकली लेपाहून सरस ठरला नाही. शिवाय मिरचीची परीक्षा घेणेच अवघड. कारण खरे मलम कोणते हे रोग्याला आग होताच कळते! २०१९ च्या अमेरिकन संधिवात-तज्ज्ञांच्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी मिरचीच्या मलमाला सशर्त होकार आहे. जोराची शिफारस आहे ती व्यायामाची, जादा वजन उतरवण्याची, सूज उतरवणाऱ्या औषधी मलमाची आणि, वाचकांना ऐकून नवल वाटेल, हातातल्या काठीची.

ही शिफारस मला वरवरची वाटत नाही, त्याला कारण आहे. माझ्या थोरल्या आत्याला डॉक्टरांनी मांडीचे स्नायू बळकट करण्याचे साधे व्यायाम सांगितले होते. त्याच सुमारास एका तेलविक्याने तिला 'झीज भरून काढणारे' महागडे तेल दिले. आत्या म्हणाली, "अरे, तेलानेच जर भरून येणार, तर पाय वर-खाली करीत बसू कशाला?" दीड वर्ष तिने श्रद्धेने तेल लावले. तेलाने अपाय काही झाला नाही. पण तेवढ्या अवधीत मांड्या वाळल्या, आणि देवळाच्या चार पायऱ्या तिला पर्वत झाल्या. तेलाने तिला थोडा आराम दिला होता, हे मी नाकारीत नाही. त्या आरामाच्या घटकेत ती चालली असती, तर ते तेल तिला लाखमोलाचे झाले असते. तेलाबरोबर दिलेल्या खोट्या वचनाने तिचे नुकसान केले.

वनस्पतीची म्हणून वस्तू निरुपद्रवी असते, हाही एक भ्रम. गंधपुऱ्याच्या शुद्ध तेलाच्या चहाच्या एका चमच्यात, म्हणजे ५ मिलिलिटरमध्ये, ॲस्पिरिनच्या वीसहून अधिक गोळ्यांइतके द्रव्य असते. एखाद्या मुलाने ते प्यायले तर जिवावर बेतते. सणासुदीला घर मुलांनी भरलेले असते, म्हणून हे मुद्दाम लिहितो. कॉम्फ्रे पोटात घेतल्यास यकृताला घातक, आणि जखमेवरही लावावयाची नाही. आपल्याकडचा बिब्बा उतला म्हणजे कातडीची काय दशा होते, ते खेड्यात राहिलेल्यांना सांगावयास नको. मलम लावून वरून गरम पाण्याची पिशवी ठेवणे तर टाळावेच. अशा मलमांनी क्वचित भाजल्याच्या जखमा झाल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध-नियंत्रण खात्याने २०१२ मध्ये दिला होता. गुडघा लाल होऊन तापू लागला, अंगात ज्वर भरला किंवा पाय टेकवेनासा झाला, तर लेप बाजूस ठेवून डॉक्टरांकडेच जावे.

मग या लेपांचे मोल काय? माझ्या मते ते फार मोठे आहे; मात्र योग्य नावाने ओळखले पाहिजे. लेप म्हणजे उसंत. वेदनेच्या गोळ्या दीर्घकाळ पोटात घेतल्या तर पोटाला व मूत्रपिंडाला उपद्रव होतो, विशेषतः उतारवयात. लेप पुष्कळदा त्यातून वाचवतो. रात्रीची झोप, सकाळची चार पावले, जमिनीवरून उठताना कमी झालेला एक 'आई गं', ही त्याची कमाई. दोन हजार वर्षांत निर्गुडी ते कॅप्सायसिन एवढी मजल मारून माणसाने एवढेच मिळवले, असे कोणी म्हणेल. पण ज्याचा गुडघा दुखतो त्याला विचारावे. तो 'एवढेच' म्हणणार नाही.

यंदा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या गुडघ्यांना जरूर तेल चोळावे, आणि चोळून झाल्यावर हात धरून त्यांना अंगणात चार फेऱ्या मारावयास न्यावे. तेलाचे काम तेवढ्यापुरतेच आहे, पुढचे आपले.